साल्किनची काळी वही

“लिहून ठेवलंय हं मी सगळं!”

मी ऐकलेला माणसाचा पहिला आवाज हा. सादिरबाय कारकुनाचा. एवढं बोलून तो माझ्या पुठ्ठ्यावर दोन बोटांनी टकटक करायचा, आणि समोरचा माणूस कितीही उंच असो, टोपी हातात घेऊन लहान होऊन जायचा.

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. काळं मेणकापड चढवलेला पुठ्ठा, आत चौकटीची शहाण्णव पानं, कडांना लाल रंग. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथलं फारसं आठवत नाही. खळीचा आंबूस वास आणि शंभर वह्या एकदम दाबून धरणारं यंत्र, एवढंच. आगगाडीतून, मग मालमोटारीतून, मग घोड्याच्या पाठीवरून मी चोलोक-तेरेक या डोंगरातल्या गावी आले. तेव्हा जमीन आणि मेंढ्या साऱ्या गावाच्या मिळून असत, आणि कामावर कोण आलं, कोण नाही, हे बघायला कारकून असे.

कोऱ्या वहीला वाटतं, आपल्यात कुणी गाणी लिहील. नाहीतर पत्रांचे कच्चे मसुदे. निदान एखादं मूल घोडा तरी काढील. सादिरबायने माझ्यात नावं लिहिली. गवतकापणीला कोण आलं नाही, कोण उन्हं वर आल्यावर आलं, कोणाच्या घरी त्या दिवशी पाहुणे होते. महिनाअखेरच्या सभेत तो मला उघडायचा आणि एकेक नाव वाचायचा. नाव आलं की माणूस उभा राहायचा. एकदा एक बाई उभी राहिली, तिला सातवा महिना होता. सभा संपेपर्यंत ती उभीच होती. तिचं नाव माझ्या दुसऱ्या पानावर आहे. शाई फिकी झाली, नाव गेलं नाही.

तेव्हापासून मला नावांची धास्ती बसली. कुणी लेखणी टेकवली की मनात पहिला प्रश्न यायचा, आता कोणाला उभं करणार?

तीन पानं भरली आणि काळ पालटला. मेंढ्या घराघरांत वाटल्या गेल्या, कारकून वारला, कचेरी ओस पडली. पुढे तिच्या अर्ध्या भागात गावाचा दवाखाना आला. मी भिंतीतल्या कपाटात, पांढऱ्या तबकांच्या खाली, तीस वर्षं पडून राहिले. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. स्पिरिटचा वास पानापानांत मुरला. पोरं रडायची, आया समजूत घालायच्या, सुई टोचली जायची. मी आतून ऐकायची. तो हात मला आवाजावरूनच ठाऊक झाला होता. टोचण्याआधी तो नेहमी म्हणायचा, “तिकडे बघ, खिडकीत चिमणी आलीय.”

तो हात साल्किनचा. गावची परिचारिका. वय एक्कावन्न. सव्वीस वर्षं ती एकटी हा दवाखाना चालवत होती. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातात पहिल्यांदा रडली होती.

एका उन्हाळ्यात तबकं काढताना तिचा हात माझ्यावर पडला. तिने मला बाहेर ओढलं, फुंकर मारली, डोक्याच्या रुमालाच्या टोकाने पुसलं. पहिली तीन पानं तिने वाचली. दुसऱ्या पानावर थांबली. मग तिने ती तिन्ही पानं दुमडून शिवणीशी दाबून टाकली आणि चौथ्या पानावर तारीख घातली.

मी मनात म्हटलं, झालं. दुसरा कारकून आला.

पण तिने नावं लिहिली नाहीत. एक छापील पुस्तिका शेजारी उघडी ठेवून तिच्यातलं ती माझ्यात उतरवू लागली. औषधं, मात्रा, सुया, भाजणं, झटके, बाळंतपण. आमच्याकडे परिचारिकेला दर पाच वर्षांनी जिल्ह्याला जाऊन परीक्षा द्यावी लागते. आजवर नुसते दोन-चार प्रश्न तोंडी विचारून चहा पाजून पाठवायचे. यंदा नवी पद्धत आली होती. यंत्राच्या पडद्यावर साठ प्रश्न, आणि ओळखीचं तिथे कोणी नाही.

साल्किनचं अक्षर काय वर्णावं! चौकटीत चौकट, पट्टी धरून मारलेली लाल रेघ. पण मित्रांनो, मला संशय यायचा. लिहिणारा हात कागदावर किती दाबतो, यावरून वहीला बरंच कळतं. हा हात हलका होता. ती लिहीत होती “दर सहा तासांनी” आणि तिचं मन होतं चुलीवरच्या दुधात. डोळ्यांतून शिरलेलं बोटांतून निघून जात होतं, मध्ये कुठे टेकत नव्हतं. चाळीस पानं भरली. दिसायला मी इतकी सुरेख कधीच नव्हते. आणि तरी वाटायचं, ही बाई मला फसवतेय, की स्वतःला?

शरदात ती परीक्षेला गेली. परतली ती उतरलेला चेहरा घेऊन. दवाखान्याचं दार आतून लावून घेतलं, कोट न काढता खुर्चीत बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

“चाळीस पानं,” ती म्हणाली. “चाळीस! आणि पडद्यावर प्रश्न आला की पान दिसतं, लाल रेघ दिसते, आकडा दिसत नाही.”

ती नापास झाली होती. एप्रिलात पुन्हा एक संधी होती. तीही हुकली तर सुई हातात धरायची तिची परवानगी जाणार, आणि दवाखान्याला कुलूप. या घाटमाथ्यापलीकडच्या गावात दुसरी परिचारिका कोण येणार? बर्फ पडलं की घाट चार-चार महिने बंद असतो.

हे तिने कोणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला म्हणाली, “निकालाचा कागद यायचाय अजून.” शेजारणींनाही तेच. जिच्या हातांवर त्यांची पोरं जन्मली, ती लहान मुलाच्या औषधाची मात्रा चुकली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

पहिलं बर्फ पडलं आणि तिने मला पुन्हा उघडलं. पण या खेपेला तिची तऱ्हाच वेगळी. पुस्तिकेचं एक पान वाचायची, पुस्तिका मिटून तिच्यावर बसायची. होय, चक्क बसायची! मग डोळे मिटून आठवून, आपल्या शब्दांत माझ्यात लिहायची. नाही आठवलं तर जागा कोरी सोडायची. मग खुर्चीवरून उठून पुस्तिका काढायची, ताडून बघायची, आणि जे निसटलं होतं ते लाल शाईने त्या कोऱ्या जागेत भरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाईचं दूध काढून आली की, कालचं न बघता तेच पुन्हा. चार दिवसांनी तेच पुन्हा.

मी चक्रावले. अगं, मागच्या पानावर लिहिलंयस ना? तुझा माझ्यावर विश्वास नाही का? की डोकं फिरलंय हिचं?

पण हात आता जड पडत होता. अक्षर वेडंवाकडं, खाडाखोड, पानाच्या पाठीवर उमटणारं. आणि दर खेपेला लाल शाई थोडी कमी लागत होती. हे मला दिसत होतं, तरी शंका गेली नव्हती. कारण याच सुमारास तिने नावं लिहायला सुरुवात केली.

“जुमादिल. रक्तदाब एकशे सत्तर. गोळी सकाळी, कानात दडे बसले म्हणून बंद करायची नाही.”

“बातियना. साखर. पायाच्या जखमेकडे दुर्लक्ष. काय करशील?”

नुसते आकडे तिच्या डोक्यात राहत नव्हते. मग तिने प्रत्येक आकडा गावातल्या एकेका माणसाच्या अंगावर चढवला. भाजणं आलं की पाव भाजणारी कुलिपा. झटके आले की शाळेमागच्या वळणावरचा एक मुलगा. असं लिहिलं की आकडा घर करून राहायचा. हे मला आज कळतंय. तेव्हा मला एवढंच दिसलं, की काळ्या वहीत पुन्हा नावं चढताहेत. माझं अंग आक्रसलं. सातव्या महिन्याची ती बाई आठवली.

मी मेणकापडाची, आणि मला असं वाटलं. मग हाडामांसाच्या माणसांना काय वाटलं असेल?

दवाखान्यात रक्तदाब मोजायला बायका यायच्या. टेबलावर मी. बातियना साल्किनची सख्खी शेजारीण, वयाने दहा वर्षं मोठी, तोंडाने त्याहून. तिची नजर माझ्यावर गेली आणि तिथेच खिळली.

“काय गं साल्किन, ही सादिरबायची वही नव्हे?”

“कपाटात पडली होती, एजे.” आमच्याकडे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात.

“आणि तू काय लिहितेस तिच्यात? आमचा रक्तदाब, की आमची पापं?”

“तुमची पापं लिहायची तर एक वही पुरायची नाही.”

बायका हसल्या. बातियनाही हसली. पण तिने मान पुढे काढली तेव्हा साल्किनने मला पटकन मिटलं आणि वर हात ठेवला. “दवाखान्याचं काम आहे.”

तो हात ठेवला नसता तर! मित्रांनो, पुढचं सगळं त्या एका हातामुळे झालं.

त्या हिवाळ्यात डोंगरावरची आर्चाची, म्हणजे सुवासिक लाकडाची सदाहरित झाडं तोडायला सक्त बंदी आली होती. आणि गावात एकही चूल अशी नव्हती जिच्यात आर्चाचं लाकूड जळत नव्हतं. धुराचा वासच सांगायचा. वसंतात पाहणीला माणसं येणार, अशी कुणकुण होती. कोणीतरी आधीच यादी करून ठेवतंय, असंही कोणी म्हणालं. मग कोणी म्हणालं, काळी वही. मग कोणी सादिरबायची टकटक करून दाखवली.

बायका दवाखान्यात यायच्या कमी झाल्या. आल्या तरी खोकला सांगायच्या, चूल नाही सांगायच्या. साल्किन घरोघरी गेली की लाकडांवर घाईघाईने पोतं पडायचं. जुमादिल, म्हणजे बातियनाचा नवरा, पूर्वीचा ट्रॅक्टरवाला, पाण्याच्या नळाशी मोठ्याने म्हणाला, “साल्किन, माझं नाव लिहिशील तर नीट लिही हो. बापाच्या नावासकट. एकाच नावाचे दोघे आहोत, दुसऱ्याला उगाच ताप नको!”

साल्किनला कळेना हा काय विनोद. तिच्या डोक्यात एप्रिल होता. तिला वाटलं, यांना माझं नापास होणं कळलं की काय? म्हणून ती आणखीच गप्प झाली. तिला वाटे गाव तिच्याबद्दल कुजबुजतंय. गावाला वाटे ती गावाबद्दल लिहितेय. आणि मी दोघांच्या मध्ये, सगळं पोटात घेऊन, तोंड नसलेली.

मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी साल्किन कुणाचं तरी बाळंतपण आलं म्हणून धावत गेली. मी टेबलावर उघडी. दार लोटलेलं. बातियना आत आली. हाक मारली, “साल्किन?” उत्तर नाही. तिने मला मिटलं, खिशात नाही मावले म्हणून काखेत दाबलं, वरून शाल घेतली. तिच्या काळजाचे ठोके मला पुठ्ठ्यातून ऐकू येत होते. इतके जोरात, की मला वाटलं आता साऱ्या गावाला ऐकू जातील.

तिच्या घरात शिरले तर आधी कानावर आलं ते लहान मुलाचं कण्हणं. रडणं नव्हे. रडायला ओल लागते.

बातियनाची सून झूरा मांडीवर पोर घेऊन बसली होती. पोरीचं नाव सेझिम, दीड वर्षाची. दोन दिवस जुलाब आणि ओकाऱ्या.

“आपा,” झूरा सासूला म्हणाली, “आता तरी जाऊ का साल्किन एजेकडे?”

“थांब म्हटलं ना. ती घरात आली की चूल बघेल. आधी कळू दे काय लिहिलंय ते. अहो, चष्मा लावा!”

जुमादिलने दोरा बांधलेला चष्मा कानाला अडकवला आणि मला खिडकीशी धरलं. दुमडलेली तीन पानं त्याने उलगडली, बघितली, काही न बोलता मिटली. मग पुढे चाळत गेला.

“नावं आहेत,” तो म्हणाला.

“बघा! मी काय सांगत होते? कोणाकोणाची?”

“कुलिपा. तो झटकेवाला मुलगा. मी.” त्याचा आवाज चढला. “मी आहे! ‘जुमादिल, तंबाखू सोडत नाही, थापा मारतो.’ थापा मारतो म्हणे!”

“ते खोटं कुठाय? माझं बघा.”

“तू पण आहेस. ‘बातियना. साखर. मध खाते आणि नाही म्हणते.’”

“नालायक!” बातियना किंचाळली. “माझ्या डब्यावरसुद्धा नजर आहे तिची! अजून कोण? लाकडांचं काय लिहिलंय?”

“लाकडांचं काही दिसत नाही.” त्याने पान उलटलं आणि तो थबकला. “सेझिम आहे.”

“सेझिम? दीड वर्षाच्या पोरीचं नाव? तिने कुणाचं काय घोडं मारलंय?”

आणि मग जुमादिल वाचू लागला. मोठ्याने, शाळेत वाचतात तसं, बोट ठेवून.

“‘सेझिम, जुमादिलची नात. अकरा किलो. जुलाब लागलेत असं समज. डोळे खोल गेलेत का बघ. पोटाची कातडी चिमटीत धरून सोड. हळू बसली तर वाट बघू नकोस. चार तासांत पाऊण लिटरहून थोडं जास्त, चमच्याचमच्याने.’ खाली गाणं आहे काहीतरी.”

झूराने पोरीची बंडी वर केली. पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी उभीच राहिली, मग सावकाश, अगदी सावकाश खाली बसली.

जुमादिलचं बोट त्या ओळीवरच राहिलं.

“गाणं वाचा,” झूरा म्हणाली. सासऱ्याशी ती एरवी मान वर करून बोलत नसे. “बाबा, गाणं वाचा!”

साल्किनने ते थंडीतल्या एका सकाळी रचलं होतं, कारण मीठ किती आणि साखर किती हे तिचं दर वेळी उलटपालट व्हायचं.

सहा चमचे साखर गं, अर्धा चमचा मीठ,
लिटरभर निवल्या पाण्यात ढवळ बाई नीट.
घोट घोट पाज बाई, नको करू घाई,
ओकलं तर थांब थोडं, पुन्हा पाज आई.

बातियना चुलीकडे धावली. पाणी उकळलं, बर्फात भांडं ठेवून निववलं. सपाट चमचे मोजताना तिचे ओठ हलत होते. सेझिमने पहिला चमचा थुंकला. दुसरा गिळला. झूरा गाणं म्हणत होती आणि चमचा देत होती, चमचा देत होती आणि गाणं म्हणत होती. उन्हं कलली तेव्हा पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रडली. मी आयुष्यात इतकं गोड रडणं ऐकलं नाही.

मग जुमादिल स्वतः साल्किनला बोलवायला गेला. तिची पावलं अंगणात वाजताच बातियनाने मला उचललं आणि लोकरी नमद्यांच्या, म्हणजे जाजमांच्या पेटीत, घड्यांच्या तळाशी कोंबलं. झाकण पडलं. पुढचं मी ऐकलं तेवढंच.

साल्किनने पोरीला तपासलं. “किती वेळ देताय हे पाणी? छान. प्रमाण बरोबर आहे अगदी. कुणी सांगितलं?”

झूरा पोरीला थोपटत गुणगुणत होती, सवय लागल्यासारखी. “घोट घोट पाज बाई...”

त्या दुपारपर्यंत ते गाणं जगात दोघींनाच ठाऊक होतं. एक साल्किन. दुसरी मी.

“रेडिओवर,” बातियना म्हणाली. “रेडिओवर लागलं होतं सकाळी.”

“रेडिओवर?” साल्किन म्हणाली. “बरं. हल्ली चांगलं लागतं रेडिओवर.”

तिची वही दुपारपासून हरवली होती. तिला कळलं नसेल का? पण विचारायचं तर, ‘वहीत काय होतं गं?’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं असतं. नापास झाल्याचं सांगावं लागलं असतं. ती निघून गेली. आणि मला परत द्यायचं तर बातियनाला चोरी कबूल करावी लागली असती. मी पेटीतच राहिले.

मित्रांनो, परीक्षा सहा आठवड्यांवर आणि वही दुसऱ्याच्या पेटीत. मला वाटलं, साल्किन बुडाली. माझ्याशिवाय ती काय करणार! हाही माझा गर्वच. झूराच्या तोंडून मला एकेक कळायचं. साल्किन एजे जुन्या भिंतीवरच्या दिनदर्शिका मागत फिरते म्हणे, मागची कोरी बाजू पाहिजे. मला समजलं. ती पहिल्यापासून सगळं आठवून लिहीत होती. पुस्तिका मिटून, वही नसताना. आणि लाल शाई जवळपास लागतच नव्हती, असं मी पैजेवर सांगते. कारण माझ्यातलं सगळं तिच्याकडे कधीच गेलं होतं.

एप्रिलात ती पास झाली. त्या दिवशी बसमधून उतरून ती थेट बातियनाकडे आली. चहा झाला. साल्किन म्हणाली, “एजे, एक सांगू? शरदात मी नापास झाले होते. म्हणून हिवाळाभर लिहीत बसायची. कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली.”

पेटीत मी कान टवकारले. आता बोल, बातियना! तिने दार उघडून ठेवलंय, आता बोल!

“चहा घे अजून,” बातियना म्हणाली.

पाच वर्षं गेली. नमद्यांबरोबर कडू झाडपाला ठेवलेला असतो, त्याचा वास मला लागला. गावातला संशय विरून गेला. पाहणीला माणसं आली तेव्हा त्यांच्याकडे कसलीच यादी नव्हती, आणि साल्किनच्या दवाखान्यापुढे पुन्हा रांग लागू लागली. पण या दोन घरांमध्ये काहीतरी अडकून राहिलं. पाव भाजला की बातियना पहिला साल्किनकडे धाडायची, स्वतः जायची नाही. झूरा सांगायची, सुई टोचून घेताना ती खिडकीत चिमणी नसली तरी तिकडेच बघायची. आणि मी रुसून बसले होते. वाटायचं, साल्किनने माझा साधा शोधही घेतला नाही. वापरलं आणि विसरली. संशय हा असा असतो बघा. काळोखात ठेवला की फोफावतो.

तुम्हीही परीक्षेला बसाल. तेव्हा माझ्यासारख्या वहीवर नुसती सुरेख नक्कल उतरवू नका. पुस्तक मिटा, आठवा, चुका, पुन्हा लिहा. आपल्या ओळखीच्या माणसांत ते पेरा. आमची पानं खराब झाली तरी चालतील, आम्ही त्यासाठीच आहोत. मग आम्हाला विसरलात तरी आमची तक्रार नाही. आणि एक विनंती. कोणी लिहीत बसलेलं दिसलं तर त्याला विचारा, काय लिहितोस? अख्ख्या गावात, अख्ख्या हिवाळ्यात, हा एक साधा प्रश्न सरळ मनाने कोणी विचारला नाही. आणि ज्याला विचारलं, त्याने पुठ्ठ्यावर हात ठेवू नये.

गेल्या शरदात पुन्हा पाच वर्षं भरली. साल्किन आता छप्पन्न वर्षांची. तिने नवी निळी वही घेतली होती म्हणे. ती बातियनाच्या अंगणातून आली आणि दारातूनच म्हणाली, “एजे, सेझिमचं वजन किती आता? परीक्षा आलीय. माझ्या डोक्यात ती अजून अकरा किलोचीच आहे.”

“एकवीस,” बातियना म्हणाली. “शाळेत वजन केलं.” मग ती उठून पेटीकडे आली.

झाकण उघडलं. पाच वर्षांनी उजेड माझ्या डोळ्यांत गेला. बातियनाने मला दोन्ही हातांनी बाहेर काढलं आणि पावाशेजारी, साल्किनपुढे ठेवलं.

साल्किनने माझ्या कुरतडलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, “मला ठाऊक होतं, एजे. झूरा गात होती तेव्हाच कळलं होतं.”

“तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. ते नाही सांगत मी.” बातियनाचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. त्यात एकही टोमणा नव्हता. “सेझिम सुकत होती त्या दोन दिवसांत झूरा तुझ्याकडे यायला निघाली होती, साल्किन. पोरीला शालीत गुंडाळून, बूट घालून. तीनदा निघाली. तिन्ही वेळा मी दारात आडवी उभी राहिले.”